दुर्बिणीची उंची

वहिनींनी दुर्बिणीच्या स्टँडचा स्क्रू पिळला आणि एक पाय सर्रकन आत सरकवला. मग दुसरा, मग तिसरा. तळ्याच्या काठावरची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. आज ही दुर्बीण पक्षीमंडळाला मिळायची होती. नवरा गेल्यावर ती घरात ठेवून वहिनी काय करणार, असं म्हणत त्यांच्या दिरानं परस्पर तसं कबूलही करून टाकलं होतं.

“थर्मास दिसत नाही आज?” मंडळाचे प्रमुख, दातांचे डॉक्टर, हात चोळत म्हणाले.

“हात दोनच आहेत मला. दोन्हींत दुर्बीण होती.”

इतकी वर्षं हिवाळ्यात दर रविवारी वहिनींनी या सगळ्यांना चहा पाजला होता. दुर्बीण नवऱ्याची, स्टँड त्याच्या उंचीचा. “अगं ये, बघ लवकर,” अशी हाक यायची. कप खाली ठेवून वहिनी धावायच्या, टाचा उंचावायच्या, तोवर बदक उडून गेलेलं असायचं. माणूस लाखात एक, पण स्टँड जरा खाली घ्यावा हे काही त्याला कधी सुचलं नाही. वहिनींना याचा खरा राग आला तो माणूस गेल्यावर.

दीर जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “वहिनी, कशाला हा खटाटोप? तुम्हाला काय कळणार त्यातलं? देऊन टाका आणि मोकळ्या व्हा.”

“मी कुठे अडकलेय?” म्हणत वहिनींनी दुर्बिणीला डोळा लावला.

पलीकडच्या काठाशी करडे हंस पोहत होते. त्यांच्यात एक जरा ठेंगणा, चोचीच्या वर पांढरा, पोटावर काळे फराटे. वहिनींनी दिसलं तसं सांगितलं.

“पाळीव असेल कुणाचा तरी, सुटून आलेला,” डॉक्टर तिकडे न बघताच म्हणाले. “असले आपण मोजत नाही.”

“तुम्ही नका मोजू. मी मोजला.”

तेवढ्यात कुठेसं कुत्रं भुंकलं आणि अख्खा थवा उठला. तो ठेंगणाही उठला, सगळ्यांबरोबर एक वळसा घालून आणखी लांब जाऊन उतरला. डॉक्टरांनी गळ्यातली छोटी दुर्बीण डोळ्यांना लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली.

“पाळीव हंस काही असा उडत नाही. चोचीच्या वर पांढरं म्हणालात? वहिनी, जरा बघू द्या.”

स्टँड वर घ्यायला त्यांनी स्क्रूकडे हात नेला. वहिनींनी त्यावर आधीच तळवा ठेवला होता.

“उंची आहे तीच राहील. वाका.”

“कंबर धरलीय हो माझी.”

“माझ्या टाचा धरायच्या.”

डॉक्टर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. त्यांच्या मागे बाकीचे रांगेत येऊन थांबले. दीरही थांबला. दुर्बीण कुणाकडे जायची, हा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

“पुढच्या रविवारी मी येतेच आहे,” वहिनी रांगेकडे बघत म्हणाल्या. “चहा तुमच्यापैकी कुणीतरी आणा. माझ्यात साखर बेताची.”