फुगलेला फोन

खिचडी खाऊन अकरा पोरं सतरंजीवर झोपली होती. भावना दाराशी बसून रजिस्टर भरत होती. अंगणवाडीचा फोन कोपऱ्यातल्या गोधड्यांवर चार्जिंगला लावलेला. चार दिवसांपासून त्याची पाठ उचलल्यासारखी दिसत होती. तिने रबरबँड लावून काम भागवलं होतं.

भांडी घासून मदतनीस सोनूबाई आत आल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या.

"बाई, कसला तरी गोडूस वास येतोय. औषध सांडलंय काय?"

भावनाने मान वळवली. फोन टम्म फुगून रबर तुटलं होतं, आणि त्यातून बारीक सूं सूं आवाज येत होता.

पहिला विचार आला तो वजनांचा. सगळ्या पोरांची वजनं त्या फोनमध्ये होती आणि उद्या पर्यवेक्षिका येणार होत्या. ती उठली, हात पुढे गेलाही. तेवढ्यात तिला हेतल दिसली, गोधड्यांपासून हातभर अंतरावर, तोंड उघडं टाकून झोपलेली.

"मावशी, पोरं बाहेर. आधी पोरं."

तिने भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर उपसला आणि हेतलला उचललं. सोनूबाईंनी दोन्ही काखांत दोघं घेतली, बाकीच्यांना नावाने हाका मारत उठवलं. पोरं डोळे चोळत पटांगणात गेली.

हेतलला बाकीच्या पोरांत ठेवून भावना परत आत आली. फोनला हात लावायचा नाही, हे तिने ठरवलं होतं. सगळ्यात वरच्या गोधडीचं लांबचं टोक धरून ती मागे मागे सरकत राहिली. उंबरा ओलांडताना फोन हिंदकळला, पण ती थांबली नाही. पोरांपासून लांब, अंगणाच्या पलीकडच्या कडेपर्यंत ओढून तिने गोधडी सोडली आणि पळाली.

ती दहा पावलं गेली असेल नसेल, मागे फस्सकन आवाज झाला. पांढरा धूर, मग ज्वाळा. गोधडी पेटली. ग्रामपंचायतीच्या कामासाठी टाकलेल्या वाळूची पाटी भरून सोनूबाई निघाल्या, तर भावनाने त्यांचा हात धरला.

"जवळ नका जाऊ. जळू दे. आसपास काही नाही."

जाळ शांत होईपर्यंत दोघी लांब उभ्या राहिल्या. मग भावनाने पोरं मोजली. दहा. परत मोजली, दहाच. ती आत धावायला वळली.

"तुमच्या कडेवर कोण हाय मंग?" सोनूबाई म्हणाल्या.

जाळ बघताना येऊन बिलगली म्हणून उचललेली हेतल तिच्या खांद्यावर पुन्हा झोपी गेली होती. भावना पायरीवर मटकन बसली. हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

सोनूबाईंच्या फोनवरून तिने पर्यवेक्षिका किशोरी मॅडमना कळवलं.

"पोरं कशी आहेत?" त्यांनी आधी विचारलं.

"सगळी ठीक आहेत. पण मॅडम, चूक माझी. पाठ फुगलेली दिसत होती, तरी रबर लावून चालवला. त्यात गोधडीवर चार्जिंगला लावला. वजनं गेली असतील."

मॅडमनी संगणकावर नोंदी उघडून पाहिल्या.

"शनिवारपर्यंतचं सगळं इथे दिसतंय मला. राहिलेल्या दोन दिवसांचं परत करू, काटा तर आहे ना? चुकलं ते खरं. आता बाकीच्या सेविकांना तूच सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील."

चार वाजता आया आल्या. कोणी पोरांकडून ऐकण्याआधी भावनाने स्वतःच सगळं सांगितलं, काळी पडलेली जागाही दाखवली. हेतलची आई नूतन पुढे आली.

"आमच्या ह्यांचा फोन पन असाच फुगलाय. कव्हरात मावत न्हाय. रोज उशाशी लावतात."

"चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायला जाऊ नका. बंद करून घराबाहेर ठेवा, कोरड्या जागी. मग दुकानात दाखवा."

नूतन मुलीला कडेवर घेऊन लगबगीने निघाली. वळणावरूनच नवऱ्याला हाका मारत गेली. सोनूबाईंनी चहाचा कप पुढे केला. भावनाने पायरीवर बसून चहा सगळा प्यायला.