पट्टी उद्या ठोकू

मित्रांनो, मी एक जुनी, वीतभर रुंदीची पत्र्याची पट्टी आहे. नाक मुरडू नका. भिंतीवर मोठे पत्रे मारले की त्यांच्या उघड्या कडा झाकायला जी पट्टी ठोकतात ना, ती मी. येणारा-जाणारा मोठ्या पत्र्यांना म्हणतो, वा, काय झकझकीत! मला कोण विचारतंय? नका विचारू. पण आज माझं ऐकून घ्या, कारण ही एका बाईच्या जिवाची गोष्ट आहे आणि ती माझ्याशिवाय नीट कुणी सांगणार नाही.

तेव्हा सोलापुरात टांग्यांचं राज्य होतं. गिरणीचा भोंगा झाला की रस्त्यावर माणसंच माणसं, आणि त्यांतून एखादी मोटार पोंपों करत निघाली की पोरं मागं धावायची. सिद्धलिंगप्पा नावाच्या मालकाची अशी एक मोटार होती. ती सोलापूर ते अक्कलकोट उतारू न्यायची. मोटार ठेवायला त्यानं घरामागचा म्हशींचा गोठा रिकामा करून घेतला. झाला मोटारखाना! पण भिंती पांढऱ्या मातीच्या. रोज मोटारीच्या टपावर माती गळायची, उंदीर गाद्या कुरतडायचे, आणि कोपऱ्यात पेट्रोलचे डबे, म्हणजे आगीची भीती वेगळीच. शेवटी मालकानं ठरवलं, चारी भिंतींना आतून जस्ती पत्रा मारून घ्यायचा. त्यासाठी संगप्पा मिस्त्रीला बोलावलं.

माझा जन्म त्याच अंगणात झाला. संगप्पानं पत्रा आडवा टाकला, खडूनं रेघ मारली आणि कातर चालवली. कातरीतून निघालेला पत्रा म्हणजे नुसता वस्तरा असतो, मित्रांनो. म्हणून तर पट्टी लागते. संगप्पानं माझ्या दोन्ही कडा लाकडी मोगरीनं ठोकून आत दुमडल्या, मला उन्हात धरलं आणि अंगठा माझ्यावरून सरसर फिरवला. "बघा मालक," तो म्हणाला, "आता लेकराच्या गालावरनं फिरवली तरी वरखडा उठायचा न्हाई." माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते! मी अशी फुगले, की विचारू नका.

मोटार चालवायचा धुळाप्पा. सांगोल्याकडचा धनगर, मेंढरं सोडून शहरात आलेला. मोटारखान्याच्या पाठीमागं एका खोलीत तो आणि त्याची बायको मायाक्का राहत. मायाक्का अंगणाची झाडलोट करायची, जमीन सारवायची, आणि दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलत असायची. माणूस नसलं तर मोटारीशी बोलायची. "काय गं बया, आज लई धूळ खाऊन आलीस," असं म्हणत ती तिचं तोंड पुसायची. मला तर ती पहिल्या दिवसापासून आवडली.

काम दसऱ्याच्या तोंडावर आलं. अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत सगळे पत्रे भिंतीवर चढले. वरच्या पट्ट्या झाल्या, कोपऱ्याच्या झाल्या. राहिले फक्त मी, खालची, जमिनीलगतची. आणि तेवढ्यात दिवेलागण झाली.

"मालक, एवढी पट्टी मारून घेतो," संगप्पा म्हणाला. "खालची कड उघडी हाय. वस्तऱ्यावानी हाय."

"अरे, तितं कोण लोळाय जातंय?" मालक हसला. "अंधार झाला. पट्टी उद्या ठोकू."

मला भिंतीशी टेकवून ठेवलं. हातोडी, कातर, मोगरी तिथंच पेटीत राहिली. मला काही वाटलं नाही, खरंच सांगते. उद्या तर उद्या, असं म्हणून मी पडून राहिले.

सकाळी खंडेनवमी. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करतात, आणि पूजा झालेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. मालकाची आई शरणम्मा पहाटेच उठली होती. म्हातारी भारी सोवळ्याची आणि भारी उरकाची. मायाक्कानं अजून जमीन सारवली न सारवली तोच म्हातारीनं पाट मांडला, त्यावर मोटारीचे पाने, जॅक, आणि संगप्पाची सगळी हत्यारं मांडली, विभूतीची बोटं ओढली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू चढवला.

संगप्पा आला तो पाटाकडे बघतच राहिला. "अव्वा, माझी हातोडी तेवढी पायजे व्हती. एक पट्टी ऱ्हायलीया."

"बेड, बेड! नको!" म्हातारी दोन्ही हात हलवत ओरडली. "पूजा झाली की रे! आता हात लावलास तर पाप लागंल. उद्या सोनं लुटून आल्यावर ठोक."

संगप्पानं कान पकडले, नमस्कार केला आणि नवे कपडे घालायला घरी गेला. गेला! आणि माझ्या शेजारची ती कड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उघडीच्या उघडी.

मग धुळाप्पानं मोटार धुऊन आत घेतली. ओल्या सारवणावर चाकं फिरली आणि भिंतीलगतची जमीन सगळी उखडली. दारात पाहुणे जमायला लागले होते. शरणम्मा कमरेवर हात देऊन म्हणाली, "अय्यो, हे काय झालं! मायाक्का, भिंतीकडची तेवढी बाजू परत सारवून घे बघू. लवकर!"

मायाक्का शेणाची पाटी घेऊन मोटार आणि भिंत यांच्या फटीत शिरली. उकिडवं बसायलासुद्धा जागा नव्हती. तिनं हात शेणात बुडवला आणि भिंतीच्या मुळाशी लांब फिरवला.

अगं बाई, थांब! मी ओरडत होते. मित्रांनो, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते! मला नुसतं उचलून त्या कडेवर आडवं टेकवलं असतं तरी चाललं असतं. खिळा नको, हातोडी नको. मायाक्का, मला घे गं, मला मध्ये घाल! पण पत्र्याचं ओरडणं कोण ऐकतो? वारा असता तर निदान खडखडले तरी असते. त्या सकाळी पानसुद्धा हलत नव्हतं.

दुसऱ्याच फेरीला तिचा तळवा फाटला. मायाक्का "आई गं" म्हणाली, तेही हळूच. सणाच्या दिवशी पूजेपाशी रक्त सांडलं हे म्हातारीला कळू नये म्हणून तिनं पदर दातात धरला, त्याच हातानं उरलेली जमीन सारवून काढली, आणि मग बाहेर जाऊन हळद दाबली आणि चिंधी बांधली.

"काय झालं गं हाताला?" धुळाप्पानं विचारलं.

"काय न्हाई. खरचटलंय जरा. तुमी हार बांधा की!"

दसरा झाल्यावर संगप्पा आला आणि त्यानं मला ठोकलं. तेव्हा त्याला खिळे कोण देत होतं, सांगू? मायाक्का. उजव्या हाताला चिंधी होती, म्हणून डाव्या हातानं देत होती. शेवटचा खिळा बसल्यावर तिनं माझ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता बरं झालं बाई. आता कुनाला लागायचं न्हाई." एका दिवसाचा तर उशीर झाला होता फक्त, मित्रांनो!

जखम वरून सुकली. ती पुन्हा मोटारीशी गप्पा मारायला लागली, आणि मी मूर्ख, मला वाटलं निभावलं. दसऱ्याला आठवडा झाला असेल. सकाळी ती माझ्यासमोर झाडत होती ती अचानक थांबली. गालाला हात लावून म्हणाली, "भाकर चावंना झालीया. जबडाच धरलाय." वाऱ्यानं धरलं असेल म्हणत शरणम्मानं तेल कोमट करून तिला चोळलं. म्हातारीचा जीव होता तिच्यावर, नाही कसं म्हणू! पण दुपारी मायाक्काची दातखीळ बसली, मान मागं ओढली गेली आणि ती अंगणातच पडली.

त्या वेळी मोटार उतारूंनी भरून अक्कलकोटला निघायच्या बेतात होती. धुळाप्पा तिच्याशेजारी बसून नुसत्या हाका मारत होता. मालकच ओरडला, "उतरा! उतरा समदे! धुळाप्पा, तिला आत घे, दवाखान्यात चल!" उतारूंनी गाठोडी खाली टाकली, तिला गादीवर निजवलं, आणि मोटार माझ्यासमोरून धुरळा उडवत गेली. मी भिंतीवर खिळलेली. देवा, वाचव तिला, देवा, वाचव! दिवसभर माझं तेवढंच चाललं होतं. रिकाम्या मोटारखान्यात एखादा उंदीर आला तरी मला वाटायचं, आले.

मोटार तिला न घेताच परत आली.

धुळाप्पा माझ्यासमोर भुईवर बसला. मालक त्याच्या शेजारी उभा राहिला. "डाक्टर म्हनला धनुर्वात," धुळाप्पा म्हणाला. "म्हनला, जखमेतनं आत गेला. हात कशानं कापला, असं इचारत व्हता. मालक, ही पट्टी त्या दिशी ठोकली असती तर..." मालकानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

पण शरणम्मा डोळे पुसत म्हणाली, "तिची वेळ भरली होती रे. पूजेचं काम करताना लागलं, पुण्यवान होती."

वेळ भरली होती? माझा नुसता संताप झाला, मित्रांनो! तिची कसली वेळ भरली होती? धडधाकट, हसती-बोलती बाई! तिच्या आणि मरणाच्या मध्ये एक वीतभर पट्टी मारायची होती, आणि ती पट्टी शेजारीच पडली होती. गल्लीतली माणसं समाचाराला यायची तीही तेच बोलायची. कुणी म्हणायचं बाहेरचं लागलं, कुणी म्हणायचं नशीब. मी सगळं ऐकत होते आणि गंजत होते.

वर्ष गेलं. धुळाप्पाला दोन घास करून घालायला त्याची बहीण केराबाई गावाहून आली. पोरगी अबोल, खालमानेनं काम करणारी. आणि परत खंडेनवमी आली.

मोटार आत घेताना मडगार्ड मला घासलं. माझ्यामागची लाकडी रीप वाळवीनं पोकळ केली होती, खिळे भुसभुस निघून आले, आणि मी एका टोकाला लोंबायला लागले. माझ्यामागची कड पुन्हा उघडी पडली. धुळाप्पा मोटारीतून उतरून बाहेर हार आणायला गेला, त्याला हे दिसलंच नाही. पाटावर हातोडी, पाने, जॅक, सगळ्यांना हळद-कुंकू लागलेलं. चाकांनी सारवण उखडलेलं. दारात पाहुणे.

"केराबाई, भिंतीकडची बाजू सारवून घे गं," शरणम्मा म्हणाली.

माझा धीरच सुटला. तोच दिवस, तीच फट, तीच पाटी! केराबाई आत शिरली, बसली, हात शेणात बुडवला. ऊठ पोरी, ऊठ! अरे, कुणीतरी बघा रे इकडे! कुणीतरी बघा!

"केरे, हात काढ!"

धुळाप्पा दारात उभा होता. झेंडूचा हार त्याच्या हातातून खाली पडला. त्यानं येऊन तिला मनगट धरून बाहेर ओढलं, मला जागेवर दाबून बघितलं, मी परत लोंबले. मग तो वळून पाटाकडे गेला.

"धुळाप्पा!" म्हातारी मध्ये उभी राहिली. "हातोडीला हात लावायचा न्हाई. पूजा झाली. उद्या ठोक!"

"अव्वा," धुळाप्पा म्हणाला, "उद्या गेल्या साली बी व्हता."

"देवाचा कोप होईल रे!"

"हू द्या. माझ्यावर हू द्या." त्यानं वाकून हातोडीला कपाळ टेकवलं आणि ती उचलली. पाहुण्यांत कुजबुज झाली. म्हातारी मालकाकडे बघायला लागली, की तू तरी काही बोल. मालक पुढं आला. नव्या धोतराला शेण लागेल याचा विचार न करता तो त्या फटीत गुडघ्यांवर बसला आणि त्यानं माझं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

धुळाप्पानं पोकळ जागा सोडून, रिपेच्या घट्ट लाकडात खिळे मारले. हातोडीची हळद माझ्या अंगावर उमटली. शरणम्मा पाठ फिरवून उभी होती. दिवाळीपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

मग केराबाई परत बसली. शेणानं माखलेला तिचा हात माझ्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. काही झालं नाही. मित्रांनो, काहीच झालं नाही! गेल्या साली एवढंच व्हायला हवं होतं.

आता मी म्हातारी झाले, माझ्यात भोकं पडली, उद्या भंगारवाला नेईल. न्यावं त्यानं. पण तुमच्या घरी, गोठ्यात, शाळेत कुठं पत्र्याची कड उघडी असेल, तर आधी उठा आणि ती झाका. घाईत असाल तर फडकं गुंडाळा, लाकूड आडवं टाका, पण उद्यावर टाकू नका. पूजा थोडी थांबते, पाहुणे थोडे थांबतात. खाली वाकून सारवणारी बाई थांबत नाही, कारण तिला थांब म्हणायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. तेवढं तुम्ही म्हणा.