दोन बोटं पट्टा

दप्तरांचा कारखाना कामगारांच्या हातात होता, तेव्हा दर सोमवारी सगळी मशिनं थांबायची. कापणीच्या टेबलाभोवती जमून काय शिवायचं, किती शिवायचं, ते हात वर करून ठरायचं. एकदा तर नुसत्या बक्कलावरून भांडता भांडता दुपार झाली. आसपासच्या आयाही यायच्या. पोरांच्या खांद्यावर वळ उठतात असं त्यांनी सांगितलं, म्हणून पट्टा चार बोटं रुंद झाला. पट्टे शिवणाऱ्या मावशी तेव्हा वैतागायच्या, "डोक्याला नुसता ताप."

कारखाना विकला गेला आणि त्याच तापासाठी त्यांचा जीव तुटू लागला.

आजही सोमवार होता. नव्या साहेबांनी कागद वाचून दाखवला, "यापुढे पट्टा दोन बोटं."

मावशींचा हात आपसूक वर गेला.

साहेब समजुतीनं म्हणाले, "बाथरूमला जायचंय का मावशी? जा की, त्यात विचारायचं काय."

कुणी हसलं नाही. मावशींनी हात खाली घेतला. समोर म्हाताऱ्या कटिंग मास्तरांचाही हात खांद्यापर्यंत आला होता. त्यांनी तो तसाच पुढे नेऊन कान खाजवला.