चौथा भिडू

प्राजक्तानं हार्ड डिस्क कानाशी धरली, हलकेच हलवली आणि तोंड वाकडं केलं. समोर स्टुलावर बसलेल्या सुदर्शन गुरुजींचा जीव खाली-वर झाला.

"फार जुनी आहे हो, गुरुजी. कधी घेतलेली?"

"मी कुठं घेतोय? पुतण्यानं दिला कॉम्प्युटर. त्याला नवा मिळाल्यावर."

दिला कसला, घरातली अडगळ काढली होती ठाण्याहून. पण गुरुजींनी तो दोन वर्षं जिवापाड जपला. आणि आता बंद पडला तर सतरंजीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा पोटाशी धरून जव्हारच्या बाजारपेठेतल्या या कॉम्प्युटर क्लासपर्यंत आणला. क्लास नवा, त्याच्या मॅडम त्याहून नव्या. गुरुजी पहिल्यांदाच इथली पायरी चढत होते.

"यात महत्त्वाचं काय आहे ते सांगा. आधी तेवढं काढून घेते. परत फिरेल की नाही, भरवसा नाही हिचा."

"सगळंच."

"सगळं म्हणजे? फोटो? पेन्शनचे कागद?"

"सगळं म्हणजे सगळं. जसं होतं तसं," गुरुजी म्हणाले आणि उगाच चष्मा पुसायला लागले.

आता काय सांगणार बिचारे? त्यांना हवे होते पत्ते. कॉम्प्युटरमध्ये एक चार भिडूंचा डाव होता. बदाम टाळायचे, इस्पिकची राणी ज्याच्या अंगावर पडेल तो मेला. वांगणीच्या शाळेत असताना पावसाळ्यात वाटा बंद झाल्या की कंदिलाशी बसून चौघं मिळून हाच डाव खेळायचे. कॉम्प्युटरवर तो दिसला तेव्हा गुरुजींना केवढा आनंद झाला म्हणता! समोरच्या तिघांची नावंही बदलता येतात, हे पुतण्यानं दाखवलं. मग गुरुजींनी एकेक अक्षर शोधत तीन नावं घातली. रोहिदास, सावळा, मंगळू. रोहिदास गुरुजी वारले त्याला बरीच वर्षं झाली. सावळा गुरुजींची बदली नंदुरबारकडे झाली, पुढं पत्ता लागला नाही. मंगळू शाळेतला स्वयंपाकी. तो कुठं गेला कुणास ठाऊक. पण दुपारी जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली की तिघं पडद्यावर हजर असायचे. घरात दुसरं माणूस नव्हतं. बायको जाऊन जमाना झाला होता. गुरुजी त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, भांडायचे. कॉम्प्युटर बंद पडल्यापासून त्यांच्या तोंडातून दिवसभर शब्द निघत नव्हता.

"बाजाराच्या दिवशी या," प्राजक्ता म्हणाली. "प्रयत्न करते."

बाजाराच्या दिवशी गुरुजी क्लास उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले.

"नशीब काढलंत," प्राजक्तानं कुलूप उघडता उघडता सांगितलं. "सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलंय. बघा."

तिनं एकेक उघडून दाखवलं. पुतण्याचे गोव्याचे फोटो. गाणी. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. गुरुजी नुसती मान हलवत होते.

"आणखी काय बघायचंय?"

"ते... पत्ते," गुरुजी खाली बघत म्हणाले.

प्राजक्ताला हसू फुटलं. "अहो गुरुजी! पत्ते काय, कुठल्याही कॉम्प्युटरवर मिळतात. त्यासाठी एवढी धडपड?"

"तसे नकोत मला. यात माझी माणसं आहेत."

तिनं डाव उघडला. हिरव्या पडद्यावर पत्ते पसरले आणि तीन बाजूंना तीन नावं आली. गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. आले एकदाचे!

प्राजक्ता मात्र माऊसवर हात तसाच ठेवून तिसऱ्या नावाकडे बघत राहिली.

"हे मंगळू कोण?"

"आमचा चौथा भिडू. वांगणीला आमच्या शाळेत स्वयंपाक करायचा. काय भाकरी करायचा म्हणून सांगू!"

"उजव्या हातावर भाजल्याचा डाग?"

गुरुजींनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"माझे बाबा आहेत ते," प्राजक्ता म्हणाली. "पण गुरुजी, बाबांना पत्ते येत नाहीत. घरात कुणी पत्ते काढले की ते उठून अंगणात जातात."

"काय बोलतेस! अगं, पावसाळेच्या पावसाळे खेळलोय आम्ही."

"येतीलच आता डबा द्यायला. तुम्हीच विचारा."

मंगळू आला तो डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी घेऊन. पाटी उतरवली, डबा लेकीपुढं ठेवला आणि मग गुरुजींकडं लक्ष गेलं. थोडा वेळ बघत राहिला. मग एकदम वाकून पायाला हात लावला.

"गुरुजी! तुमी हाय जव्हारात?"

गुरुजींनी मंगळूला खांद्याला धरून उठवलं. ज्याच्याशी रोज दुपारी भांडलो तो चालत येण्याच्या अंतरावर होता, आणि आपण घरात बसून काचेशी बोलत राहिलो, या विचारानं त्यांना स्वतःचाच राग आला. मंगळू दाराजवळ खाली बसायला लागला, तशी त्यांनी खुर्ची ओढली.

"वर बस. हे बघ, हा तू."

प्राजक्तानं नाव वाचून दाखवलं. मंगळू पडद्याच्या अगदी जवळ गेला.

"मी काय करतू हितं?"

"खेळतोस! पक्का आहेस तू. रोज मला राणी घालतोस."

मंगळूला मोठी गंमत वाटली. तो हसला, पुन्हा नावाकडं बघितलं.

"मग कुठला टाकायचा, ते मना सांगतं कोण?"

गुरुजींचं हसू ओठांवरच राहिलं.

"आपल्या टायमाला तुमी सांगायचा ना," मंगळू साधेपणानं म्हणाला. "चौथा माणूस नाय म्हणून मना बसवायचा. मी नुसता धरायचू पत्ते. गुरुजी बोलले हा टाक, तर हा टाकला. मना डाव कवा कळला?"

बाहेर बाजाराचा गलका चालला होता. गुरुजींना आठवत होतं ते सगळं चौघांचं होतं. चौघांचं हसणं, चौघांचा चहा. चहा करायला मात्र एकच जण उठायचा. आणि 'शिकवू रे तुला एकदा' असं आपण म्हणायचो, हेही आत्ता आठवलं. म्हणजे तेव्हाही तिघंच होते. त्यातला एक वारला, एक हरवला.

गुरुजी उठले. पडद्यासमोरची आपली जागा त्यांनी रिकामी केली.

"इथं बस, मंगळू."

"मी? तुमच्या जागेवर?"

"बस म्हणतो ना."

शेजारच्या खुर्चीत बसून गुरुजींनी त्याला डाव समजावला. बदाम कसे चुकवायचे, राणी कधी सोडायची, सगळं सावकाश सांगितलं. प्राजक्तानं माऊस धरला आणि बाबांना फक्त बोट दाखवायला सांगितलं. पडद्यावरचे तिघं आपापले पत्ते टाकून थांबले. मंगळूची पाळी आली.

त्यानं पत्त्यांवरून नजर फिरवली. मग सवयीनं मान वळवली.

"कुठला टाकू, गुरुजी?"

गुरुजींना दिसत होतं कुठला ते. शब्द अगदी ओठांवर आला. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले.

"तुझा तू टाक."

मंगळूचं बोट एका पत्त्यापर्यंत गेलं आणि मागं आलं.

"चुकला म्हंजे?"

"चुकू दे की," गुरुजी म्हणाले. "मला कुठं जायचंय?"

मंगळूनं धोतराला हात पुसला आणि बोट पुढं केलं.