श्रावणात तळं दाटलं

लक्ष्मीबाईंच्या सुनेला सगळं येत होतं, वाढणं तेवढं येत नव्हतं. माणसांना नीट वाढायची, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेततळ्यातल्या मुक्या जिवांना ती आभाळ बघून जेवू घालायची. ऊन पडलं तर पेंड, ढग आले तर उपास. लक्ष्मीबाईंनी माकणी गावातल्या आपल्या घरात हयातभर पंगती उठवल्या होत्या. ढग आले म्हणून कुणाचं ताट मागं ओढल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

सून वैष्णवी तुळजापूरची, बी.एस्सी. झालेली. तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरून रोहू-कटला मासे सोडायचं खूळ तिचंच. तिनं सासूला एकदा समजावूनही सांगितलं होतं. सोड्याच्या बाटलीत गॅस असतो तशी पाण्यात हवा विरघळलेली असते. ऊन असलं की पाण्यातलं हिरवं शेवाळ ती तयार करतं, ढगाळलं की तेच शेवाळ माशांच्या वाट्याची हवा खाऊन बसतं. मासा जेवला की त्याला जास्त हवा लागते, आणि उरलेली पेंड तळाला कुजते, ती कुजतानाही हवाच खाते. लक्ष्मीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, गॅस संपला तर बाई सिलेंडर बदलते, लेकरं उपाशी ठेवत नाही. वैष्णवी हसली नाही, पुढं बोललीही नाही. तेव्हापासून ढगाळ दिवशी सून रानातून परतली की लक्ष्मीबाई गुपचूप तळ्यावर जायच्या आणि चार ओंजळी पेंड टाकून यायच्या.

दुसरा वाद श्रावणाचा. मासे वाढले होते, तळं दाटलं होतं. थोडे आत्ताच काढू, असं वैष्णवीचं म्हणणं. श्रावणात माझ्या रानातनं जीव विकायला जाणार नाही, असं लक्ष्मीबाईंनी सांगितलं आणि विषय मिटला. मुलाला, रणधीरला, ते सोयीचंच वाटलं. श्रावणात अर्धा तालुका मासळीला शिवत नाही, गणपती उठले की भाव चढेल, असा त्याचा हिशेब. बाकीचे तळेवालेही हाच हिशेब करून बसलेत, मग सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात बाजारात येईल आणि भाव तेव्हाच पडेल, असं वैष्णवी नवऱ्याला म्हणाली. सासूसमोर मात्र तिनं ते गिळलं.

पुढं सूर्यच दिसेनासा झाला. हवा कोंदट, झाडाचं पान हलेना. अशातच एका सकाळी लक्ष्मीबाई बेलाची पानं तोडायला रानात गेल्या आणि तळ्याच्या बांधावर थबकल्या. पाण्यावर तोंडंच तोंडं. या काठापासून त्या काठापर्यंत सगळे मासे वर आलेले, तोंडं उघडत होते, मिटत होते.

त्यांचं काळीज हललं. इतकी कळवळलेली पंगत त्यांनी दुष्काळातही पाहिली नव्हती. सुनेला मनातल्या मनात लाखोली वाहत त्यांनी शेडमधलं पोतं सोडलं आणि पदर भरभरून पेंड फेकली. एकानंही घास घेतला नाही. पेंड वासलेल्या तोंडांशेजारून बुडत गेली. तेव्हा मात्र त्यांचा फेकता हात थांबला. भुकेलेला जीव समोर वाढलेलं सोडत नाही, एवढं कळायला शाळा लागत नाही.

त्यांच्या हाकेनं वैष्णवी धावत आली. तिनं पाण्याकडं पाहिलं, बुडणाऱ्या पेंडीकडं पाहिलं, आणि मोटारीच्या पेटीकडं वळली. लाईट नव्हती. मग तिनं रणधीरला ट्रॅक्टरवरचा पंप घेऊन बोलावलं आणि तोवर स्वतः बादलीनं पाणी उपसून उंचावरून ओतत राहिली. पाणी वरून पडलं की हवा सोबत घेऊन पडतं, एवढंच तिनं सासूला सांगितलं. लक्ष्मीबाईंनी पदर खोचला आणि दुसरी बादली उचलली.

ट्रॅक्टर आला, पंपाचं पाणी कारंज्यागत उडू लागलं. मासे त्या धारेखाली एकमेकांवर चढू लागले. लांबच्या कोपऱ्यात मात्र पांढरी पोटं उलटी होऊ लागली होती.

"आत्या," वैष्णवी सासूला हळू आवाजात म्हणाली, "एवढ्यांना हा पंप पुरायचा नाही. निम्मे बाहेर काढले तर निम्मे जगतील. मेल्यावर मात्र कुणी हात लावणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

रणधीर आईकडं बघत उभा राहिला. श्रावणाचा शब्द आईचा होता आणि तो मोडायची घरात कुणाची छाती नव्हती. लक्ष्मीबाईंनी कोपऱ्यातल्या पांढऱ्या पोटांकडं पाहिलं. आणखी एक उलटं झालं.

"श्रावणाचं काय आसंल ते माझ्या माथी," त्या म्हणाल्या. "टाका जाळं."

धरणावर मासेमारी करणारे भोई आले, जाळं पडलं. मुरूम गावचा मासळीचा व्यापारी खाजाभाई बर्फ भरून टेम्पो घेऊन आला. माल बघून त्यानं तोंड वाकडं केलं आणि पडेल भाव सांगितला. श्रावणात खातंय कोण, म्हणाला. रणधीर मान डोलावणार तेवढ्यात लक्ष्मीबाई पुढं झाल्या.

"खाजाभाई, खाणारी कमी, मान्य. पन आज विकणारी किती हैत, त्ये सांगा की. समदी आमच्या रणधीरागत गणपतीची वाट बघत बसलीत. उमरग्या-मुरूमच्या खानावळींनी आज काय पाणी वाढायचं का?"

खाजाभाईनं टेम्पोकडं पाहिलं, वितळणाऱ्या बर्फाकडं पाहिलं. "मावशी, तुमी लई वंगाळ," असं म्हणत त्यानं भाव वाढवला.

टेम्पो गेला तरी पंप चालूच होता. तळ्यात आता जागा झाली होती. उरलेल्यांतला एक मासा खाली गेला, मग दोन, मग पाण्यावर तोंडं उरलीच नाहीत. मेलेल्यांसाठी भोई खड्डा खणत होते. रणधीर काठावरची ओली पेंड बुटानं उकरत म्हणाला, पोतं कुणी सोडलं होतं?

"ढगांमुळं झालं सगळं," वैष्णवी चटकन बोलली.

लक्ष्मीबाईंनी बादली खाली ठेवली. आपण ढगाळ दिवशी पेंड टाकत होतो हे तिला ठाऊक होतं का, असं त्यांनी सुनेला सरळ विचारलं. वैष्णवी खाली बघून म्हणाली, पोतं हलकं लागायचं.

"ढगाच्या आंगावर घालू नगंस," लक्ष्मीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "पेंड म्या टाकली. मला कळलं न्हाय म्हणून टाकली. तुला कळत हुतं, वैष्णवे, आन् सासू म्हणून तू गप बसलीस. ती मासं तोंड उघडून मेली, तू तोंड मिटून मारलीस. पुढच्या बारीला माझा हात पेंडीत दिसला तर मनगाट धर माझं. आन् न्हाय धरलंस, तर ह्या तळ्याच्या बांधावर पाय ठिवू नगंस."