रिकाम्या तारखेचं कार्ड

“आज तेवीस मे. आजच्या तारखेला संगीताच्या दुनियेत सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. तेव्हा आपण सरळ गाणं ऐकू या.”

मित्रांनो, हा आवाज ऐकला त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. आवाज मोठा गोड होता, दुधावरच्या सायीसारखा. पण बोललेलं माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते माझ्याबद्दल होतं.

मी एक जुना जाड कागद आहे. सगळे मला कार्ड म्हणतात. एका बाइंडरने वह्यांच्या पुठ्ठ्यांतून उरलेल्या पट्ट्या कापल्या आणि आम्हाला घडवलं. आम्ही तीनशे सहासष्ट भावंडं. एका मापाची, एका फिकट पिवळ्या रंगाची. प्रत्येकाच्या तळाशी भोक पाडून त्यातून एक पितळी सळई घातली, म्हणजे कुणी हरवू नये, कुणी रांग सोडू नये. मग एका लांबट लाकडी पेटीत बसून आम्ही रेडिओ केंद्रात आलो, तबकड्यांच्या खोलीत.

तिथे ताई होत्या. तबकड्या पुसणं, लावणं, शोधून देणं हे त्यांचं काम. आमच्या माथ्यावर तारखा त्यांनीच घातल्या, निळ्या शाईने, एकाही अक्षराला मान खाली घालू न देता. मग त्या आम्हाला भरू लागल्या. कुठल्या तारखेला कोण गायिका जन्मली, कुठल्या तारखेला कुणाची पहिली तबकडी निघाली, कधी कुठल्या वादकाने शेवटचा कार्यक्रम केला, सगळं शोधून शोधून लिहायच्या. रोज सकाळी सळई ओढून एका कार्डाला बाहेर काढायच्या आणि निवेदकांच्या टेबलावर ठेवायच्या. साडेसातला ‘आजच्या तारखेला’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम लागायचा. कार्ड वाचून झालं की पुन्हा पेटीत. तीनशे चौसष्ट दिवस अंधार, एक दिवस उजेड, असं आमचं जिणं. एकोणतीस फेब्रुवारीचं तर विचारूच नका. तो चार वर्षांनी डोळे चोळत बाहेर यायचा आणि आधी विचारायचा, “निवेदक तेच आहेत का रे अजून?”

माझ्या शेजारी चोवीस मे. श्रीमंत घर. तीन जन्मदिवस, एक पहिली तबकडी, एका वाद्यवृंदाची स्थापना. मागच्या बाजूलाही लिहावं लागलं होतं. बावीस मेही खाऊनपिऊन सुखी. आणि मधे मी, कोरा. ताईंनी किती पुस्तकं चाळली, किती जुनी मासिकं उलटली, पण माझ्या तारखेला कुणी जन्मलं नव्हतं, कुणी गायलं नव्हतं, कुणी साधी तार तोडल्याचीही नोंद नव्हती. चोवीस मे म्हणायचा, “बाळा, तुझी पाठ तेवढी सरळ ठेव, माझा भार तुझ्यावर पडतोय.”

म्हणून ते वाक्य त्या सकाळी हवेत गेलं. निवेदकांचा तरी काय दोष? रेडिओवर गप्प बसणं म्हणजे भर पंगतीत जेवायला नाही म्हणण्यासारखं. काहीतरी बोलावं लागतंच. पण मी पेटीत परत आलो तेव्हा ताईंनी मला लगेच सळईत ओवलं नाही. बराच वेळ हातात धरून बसल्या. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, माझी कीव आली असेल.

त्याच वर्षी ताईंनी केंद्रातल्या सगळ्या वादकांना एकेक फॉर्म वाटला. नाव, वाद्य, जन्मतारीख, पहिला कार्यक्रम. म्हणाल्या, “जगाचे वाढदिवस सांगतो आपण, घरच्यांचे कोण सांगणार?” फॉर्म भरून आले. एकच अर्धा आला. तो ‘दुसऱ्यां’चा होता.

‘दुसरे’ म्हणजे केंद्राच्या वाद्यवृंदातले व्हायोलिनवाले काका. पुढच्या खुर्चीवर बसणारे व्हायोलिनवाले ते पहिले, त्यांच्या मागे बसणारे हे दुसरे. अठरा वर्षं मागे बसून बसून त्यांना हेच नाव पडलं होतं. “दुसरे आले का?” “दुसऱ्यांना चहा द्या.” घरीसुद्धा त्यांची बायको म्हणायची म्हणे, “आमचे हे दुसरे, पण पहिल्यापासून हेच.” त्यांच्या फॉर्मवर जन्मतारखेपुढे लिहिलं होतं: “माहीत नाही. आई लहानपणीच गेली. कागद कुठे आहे की नाही ते तिलाच ठाऊक.”

एक कार्ड माणसावाचून, एक माणूस तारखेवाचून. ताईंनी दोघांना समोरासमोर ठेवलं. मग पेनाचं टोपण काढलं. मित्रांनो, माझ्या अंगावर पहिली ओळ उमटली तेव्हा जे वाटलं ते काय सांगू. रिकाम्या घरात पहिला दिवा लागावा तसं झालं. ताईंनी लिहिलं: ‘आपल्या केंद्राचे दुसरे व्हायोलिनवादक यांचा जन्मदिवस. गेली अठरा वर्षं तुम्ही ऐकलेल्या प्रत्येक गाण्यामागे हे होते.’

लिहिताना त्या हलकेच गुणगुणत होत्या. त्यांची ती खोडच. कुठून ऐकलेलं नाही, जागच्या जागी जुळवलेलं:

तारखेच्या दारी बाई, कोण कोण आलं,
गाणारं गाऊन गेलं, वाजवणारं राहिलं.

पुढचा तेवीस मे उजाडला. निवेदकांनी मला वाचलं. स्टुडिओच्या बोळात स्पीकर होता आणि त्याखाली दुसरे तारा जुळवत उभे होते. तारांवर फिरणारा गज थांबला. कार्यक्रम संपल्यावर ते दारात येऊन उभे राहिले.

“माझा?” त्यांनी विचारलं.

“तुमचाच की,” निवेदक म्हणाले. “कार्डावर लिहिलंय. आणि ताईंचं कार्ड कधी खोटं बोलत नाही.”

ताई तबकड्या पुसत होत्या. एकच तबकडी त्यांनी चारदा पुसली.

पहिले मोठे दिलदार गृहस्थ. ते म्हणाले, “अहो, मग आज तुम्ही पुढे बसा. मी मागे बसतो. इतकी वर्षं तुम्ही माझं टक्कल बघितलंत, आता मला तुमचं डोकं बघू द्या.” सगळे हसले. दुसरे हसले नाहीत. ते पुढे बसले आणि त्यांनी असं वाजवलं की रेकॉर्डिंगवाल्याने काच ठोठावून सांगितलं, “काका, पुन्हा नको. हेच ठेवतो.”

तेव्हापासून तो रिवाजच झाला. तेवीस मेला दुसरे पुढच्या खुर्चीवर. आणि मग बघा काय गंमत. तिसऱ्या वर्षी याच दिवशी त्यांच्या एकट्याच्या वादनाची तबकडी निघाली; ताईंनी दुसरी ओळ लिहिली. सातव्या वर्षी त्यांच्या शिष्येने, नळ दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीने, आपला पहिला कार्यक्रम हट्टाने याच तारखेला ठेवला, तिसरी ओळ. अकराव्या वर्षी इस्पितळातल्या परिचारिकांनी गाण्याचा गट काढला आणि पत्रात कळवलं, ‘आम्ही दिवसपाळी संपवून तुमच्या दुसऱ्यांचं व्हायोलिन ऐकतो, म्हणून मुहूर्त त्यांच्या वाढदिवसाचा धरला.’ चौथी ओळ. निळी शाई, काळी शाई, मधेच एक हिरवी. माझी पाठसुद्धा भरली. चोवीस मे आता मला “अहो” म्हणू लागला.

पण दिवस सारखे राहत नाहीत. पहिले गेले, निवेदक निवृत्त झाले, दुसरे निवृत्त झाले, शेवटी ताईही. आमची पेटी जिन्याखालच्या खोलीत गेली. वर तुटक्या खुर्च्या, खाली ओल. कसर लागली. बावीस मेचा एक कोपरा गेला आणि त्याबरोबर एका गायिकेचं आडनाव. सकाळी साडेसातला कुणीतरी काहीतरी बोलत असायचं, पण आमच्यातलं काही नाही.

दोन वर्षांनी एक गृहस्थ आले. हातात टॉर्च, नाकाला रुमाल. त्यांना सगळे नोंदवाले म्हणायचे. आम्हाला संगणकात घालायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि माणूस चोख. त्यांनी आम्हाला वाऱ्यावर वाळवलं, मऊ ब्रशने पुसलं. बावीस मेच्या गायिकेचं आडनावसुद्धा कुठून कुठून शोधून आणलं. सकाळचा कार्यक्रम पुन्हा सुरू होणार होता. मात्र त्यांचा नियम एकच: पुराव्याशिवाय नोंद नाही.

माझ्यापाशी येऊन ते अडले. दुसऱ्यांच्या नोकरीच्या कागदांत जन्मतारीख होती, एक जानेवारी, आणि पुढे कंसात ‘अंदाजे’. माझ्यावर तेवीस मे. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. ताई आल्या, केस पांढरे, गुडघा धरून. मला पाहिलं आणि ओढणीच्या टोकाने माझा माथा पुसला.

“ताई, ही तारीख कुठे मिळाली तुम्हाला?”

ताईंनी ओढणीचं टोक पुन्हा माझ्या माथ्यावरून फिरवलं.

“तुम्ही घातलीत का मनाने?”

“हो,” ताई म्हणाल्या.

नोंदवाले खुर्चीत मागे टेकले. “मग ही ओळ काढावी लागेल. आणि ही ओळ काढली तर खालच्या ओळी कशाच्या आधारावर उभ्या राहणार? सगळ्यांनी वाढदिवस धरूनच तर केलंय.”

“ते अजून आहेत हो,” ताई म्हणाल्या. “ब्याऐंशीच्या आसपास असतील. अंथरुणाला खिळलेत. परवा तेवीस मे आहे, कार्यक्रम पुन्हा सुरू होतोय हे त्यांना कळलंय. रेडिओ उशाशी घेऊन बसणार. एवढं एक वर्ष वाचा.”

“खोटी तारीख मला घेता येत नाही, ताई.” मग त्यांनी मला उलटून माझी पाठही वाचली. “पण दिलेली तारीख घेता येईल. अमक्या वर्षी अमक्याने यांना हा वाढदिवस दिला, आणि त्या दिवशी हे हे घडलं. यातलं सगळं खरं आहे की नाही? फक्त कुणी दिली आणि हीच का दिली, ते लिहावं लागेल. आणि ज्यांना दिली त्यांना माहीत हवं. रेडिओवरून कळायला नको.”

ताईंनी सळई ओढली, मला बाहेर काढलं आणि पर्समध्ये ठेवलं. “परवा साडेसातच्या आत फोन करते,” म्हणाल्या.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. ते इथेच सांगून टाकतो, कारण यापुढचं बोलणं माझं नाही, त्या दोघांचं आहे. मी संगणकात गेलो, एकही ओळ न गमावता, उलट एक वाढवून. तेव्हा माझी काळजी करू नका. पण तुमच्या आसपास कुणी मागच्या खुर्चीवर बसत असेल, तर त्याला त्याचं नाव विचारा, त्याचा दिवस विचारा. त्याला दिवस नसेल, तर शोधून द्या. आणि माझ्यासारखे जुने कागद जिन्याखाली टाकण्याआधी एकदा उजेडात धरून वाचा. आमच्यावर शाई असते ती कुणाच्या तरी हाताची असते.

तर त्या सकाळी साडेसहाला ताई दुसऱ्यांच्या घरी गेल्या. सुनेने दार उघडलं.

“या ना ताई. सासरे पहाटेपासून दाढी करून, कोट घालून बसलेत. मी म्हटलं, रेडिओ काय तुम्हाला बघणारेय? तर म्हणाले, मी त्याला बघणार आहे ना.”

उशांना टेकून दुसरे बसले होते. कोट दोन माप मोठा झाला होता. ताईंनी मला पर्समधून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं, ओळीओळीने, तारेवरून फिरवावं तसं. अजून बरोबर पट्टीत होतं ते बोट.

“बरं झालं आलात,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं एक विचारीन विचारीन म्हणतोय, पण धीर होत नाही. म्हटलं, विचारलं आणि नाही म्हणालात तर? हातातलंही जायचं.”

“विचारा ना, काका.”

“ही तारीख तुम्हाला कुठे मिळाली? म्हणजे, माझ्या आईचा एखादा कागद सापडला होता का तुम्हाला? तिच्या हातचं काही? तेवढंच कळलं असतं तर बरं होतं.”

सुनेने चहाचे कप आणून ठेवले आणि ती आत गेली. ताईंनी कपाकडे हात नेला, पुन्हा मागे घेतला. घड्याळात पावणेसात झाले होते.

“कागद नाही मिळाला, काका,” ताई म्हणाल्या. “तुमच्या आईचं काहीच नाही मिळालं मला. मी खूप शोधलं. नव्हतंच.”

दुसऱ्यांनी मान हलवली. दोनदा. कोटाच्या बाहीतून त्यांचे हात बाहेर आले आणि माझ्या दोन्ही कडांवर येऊन थांबले. त्यांनी मला दूर सारलं नाही.

“मग उचलून आणलीत कुठून तरी?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. “असू दे. चांगली निघाली. पण कुणाची होती हो ही तारीख? कुणाची तरी असेल ना.”

ताईंनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला.

“माझी, काका. मी त्या दिवशी जन्मले. केंद्रात कधी कुणाला सांगितलंच नाही. नुसती पडून होती. आणि खरं सांगू? मला एकटीला ती फार मोठी होत होती.”