काळा कोपरा

कोरेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. फोटो क्लबातल्या मंडळींनी ते गमतीने ठेवलं आणि साहेबांनाही ते मनापासून आवडलं. त्यांच्या फोटोंत काही नसायचंच मुळी, म्हणून कोरे. एक भिंत आणि तिच्यावर एक खिळा. भलंमोठं आभाळ आणि अगदी खाली दिव्याचा एक खांब. कॅमेऱ्यात कृष्णधवल रोल घालून दिवसभर उन्हातान्हात हिंडायचे आणि पाच-सहा फोटो काढून परत यायचे. समोर माणूस आला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. तो जाईपर्यंत कॅमेरा छातीशी धरून उभे राहत. काढून टाकता येईल तेवढं काढून टाकायचं आणि उरेल त्याचा फोटो घ्यायचा, असं ते नवशिक्यांना सांगत. नवशिके माना डोलवत आणि बाहेर पडून मांजरांचे फोटो काढत.

ही सवय फोटोपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. बायको आजारपणात गेली तेव्हा मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती. मावशी तिला "थोडे दिवस नेते" म्हणून घेऊन गेली आणि साहेबांनी त्या थोड्या दिवसांची कधी चौकशीच केली नाही. मुलगी तिकडेच वाढली, शिकली, लग्न करून मोकळी झाली. वर्षाकाठी एक-दोनदा बापाला भेटायला येई, खुर्चीच्या कडेवर बसे आणि चहा घेऊन निघे. घर इतकं रिकामं आणि टापटीप की कप कुठे ठेवावा हा तिला प्रश्नच पडे. ती गेल्यावर साहेब तो कप लगेच विसळत नसत. त्यांना एकटं वाटायचं, फार एकटं वाटायचं, पण हे सांगायचं कुणाला हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

यंदा ती आली ती मागणं घेऊन. नवऱ्याला परदेशात नोकरी लागली होती, म्हणजे आता येणंजाणं संपल्यातच जमा. जाण्याआधी तिला आईचा फोटो हवा होता. तिच्याजवळ होता तो ओळखपत्रावरचा. त्यात आई दचकल्यासारखी समोर बघत होती आणि हनुवटीवर कचेरीचा शिक्का बसला होता. मावशीकडेही दुसरा नव्हता. घरात फोटोग्राफर असताना आपण कशाला काढायचा, असं सगळेच धरून चालले होते.

"जन्मभर फोटो काढलेत बाबा, एखाद्यात तरी ती असेल," मुलगी म्हणाली. "तेवढा द्या. मग मी काही मागणार नाही."

शेवटचं वाक्य साहेबांच्या जिव्हारी लागलं. रविवारी ये, शोधून ठेवतो, असं ते म्हणाले.

आठवडाभर त्यांनी बायको होती त्या काळातल्या निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडासमोर धरून डोळे शिणवले. भिंती निघाल्या, खांब निघाले. बायको या प्रत्येक फोटोच्या वेळी बरोबर होती, त्यांच्या मागे, सामानाची पिशवी धरून. राहता राहिला तो एकच फोटो, त्यांचा सगळ्यांत गाजलेला. लांबच लांब बाक, मागे पांढरी भिंत आणि उजवीकडचा सगळा भाग मिट्ट काळा. त्या काळ्या कोपऱ्यावर स्पर्धेचे परीक्षक भरभरून बोलले होते. तिथे खरं तर बायको बसली होती. साहेबांनी तिला उठायला सांगितलं. ती हसली आणि बसूनच राहिली. मग त्यांनी तसाच फोटो घेतला आणि छापताना भोक पाडलेला पुठ्ठा धरून तेवढ्याच कोपऱ्यावर जास्तीचा उजेड सोडला. जास्त उजेड पडला की कागद तिथे काळा पडतो. बायको त्यात बुडून गेली.

रविवारी मुलगी आली तेव्हा साहेबांनी न्हाणीघराच्या खिडकीला जाड चादर लावून लाल दिवा पेटवला होता. एकट्याने छापायचा त्यांना धीर होत नव्हता. त्यांनी तिला आत बोलावलं. या खेपेला पुठ्ठा हातात घेतला नाही. उजेड दिलेला कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला आणि दोघं खाली वाकून बघत राहिली.

आधी भिंत आली, मग बाक. मग उजवीकडे हळूहळू ती आली. साहेबांनी तिला या फोटोत फक्त निगेटिव्हवर पाहिलं होतं, काळ्या चेहऱ्याची आणि पांढऱ्या केसांची. आता ती जशी होती तशी दिसत होती. थोडी अस्पष्ट, एक चप्पल काढून ठेवलेली, मान कलती. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. शेजारी बाकावर एक रुमाल पसरला होता आणि त्यावर तिचा तळवा होता.

मुलीने तोंडावर हात ठेवला. साहेबांची मात्र इतक्या वर्षांची खोड कुठली जायला. हा रुमाल मध्येच कशाला पसरलाय, सगळी मांडणी बिघडली, असं ते पुटपुटलेच.

"जागा धरलीय, बाबा," मुलगी म्हणाली. "तुमच्यासाठी."

साहेब बघत राहिले. फोटो पुरता उमटला होता, कागद आता उचलायला हवा होता, पण चिमटा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"मग बसलात का तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "उजेड चालला होता."